वयाचा तक्ता मांडा!

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या कोणा पूर्वजाने रचली, त्याने माणसाला निदान साठ वर्षे तरी शहाणे राहण्याची मुभा दिली होती. आमच्या संगणक-व्यवसायातील नव्या धनिकांनी ही मुदत पंधरा वर्षांनी अलीकडे ओढली आहे की काय, अशी शंका यावी असे प्रकार पुण्या-मुंबईत घडू लागले आहेत. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत वीस-वीस वर्षे नोकरी केलेला, केसांत नुकती कोठे पांढरी रेघ दिसू लागलेला गृहस्थ सकाळी घरून निघताना नेहमीसारखा हसून निघतो खरा. पण दुपारी ‘जरा बैठकीच्या खोलीत या’ असा निरोप आला, की त्याला बोलावणे आल्यासारखे वाटते. मराठीत ‘बोलावणे येणे’ याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगावयास नको.

हा कल्पनेचा खेळ नव्हे. २७ जुलै २०२५ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे २ टक्के लोकांना वर्षभरात निरोप देण्याचा मनोदय जाहीर केला. जूनअखेर कंपनीच्या पटावर ६,१३,०६९ माणसे होती. म्हणजे २ टक्के याचा अर्थ १२ हजारांहून अधिक कुटुंबे. ही कपात मुख्यत्वे ‘मध्यम आणि वरिष्ठ’ श्रेणींत होईल, असेही तेव्हाच सांगण्यात आले. त्याआधी नुकत्याच संपलेल्या तिमाहीत कंपनीला १२,७६० कोटी रुपयांचा निव्वळ नफा झाला होता. मुख्याधिकारी श्री. के. कृतिवासन यांनी खुलासा केला की, कृत्रिम बुद्धिमत्ता हे या कपातीचे कारण नव्हे; माणसांचे कौशल्य आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नाही, हे कारण आहे. सप्टेंबरअखेर पटावरची संख्या ५,९३,३१४ वर आली. तीन महिन्यांत १९,७५५ माणसे कमी! कंपनीचे म्हणणे असे की, यांपैकी तिने काढलेले सुमारे ६ हजारच. मग उरलेले आपल्या पायांनी गेले म्हणावयाचे! पुण्यात मुख्य ठाणे असलेल्या ‘नाइट्स’ या संगणक-कर्मचाऱ्यांच्या संघटनेने एकट्या पुण्यात अडीच हजारांच्या आसपास लोकांकडून सक्तीने राजीनामे लिहून घेतल्याचा आरोप केला, आणि कंपनीने तो साफ नाकारला.

येथे एक गोष्ट आम्ही प्रथमच स्पष्ट करून ठेवतो. या कंपनीने वय पाहून माणसे काढली, असे आम्ही म्हणत नाही. म्हणू शकत नाही. कारण काढलेल्यांचे वय काय आणि राखलेल्यांचे वय काय, याचा जाहीर झालेला एकही आकडा या महाराष्ट्रात नाही. ही माहिती कंपनीच्या संगणकात असणार, आणि ती तेथेच राहणार. आमची सारी तक्रार नेमकी याच ठिकाणी आहे. आरोप करणाऱ्याला आरोप सिद्ध करण्याचे साधन नाही, आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याच्यावर तो खोडून काढण्याची सक्ती नाही. अशा अंधारात बारा हजार माणसांच्या भाकरीचा निकाल लागतो, आणि त्याला ‘पुनर्रचना’ असे भारदस्त नाव मिळते.

‘मध्यम आणि वरिष्ठ श्रेणी’ हा शब्दप्रयोग मोठा सोज्ज्वळ आहे. त्यात वयाचा उच्चार नाही. परंतु या व्यवसायात मध्यम आणि वरिष्ठ श्रेणींत असतो कोण? शतक बदलताना संगणकातील दिनांकाच्या शेवटी दोन शून्ये येतील आणि साऱ्या जगाचे हिशेब कोलमडतील, या भीतीने अमेरिकेतील पेढ्या हवालदिल झाल्या होत्या, तेव्हा रात्री जागून कोबॉलच्या लाखो ओळी तपासणारी जी विशी-बाविशीची मराठी मुले होती, ती आज पंचेचाळीस ते पन्नासच्या घरात आहेत. न्यू जर्सीची सकाळ ती आपली संध्याकाळ मानून त्यांनी आयुष्याची ऐन वर्षे काढली. मुलाचा वाढदिवस आणि आईची शस्त्रक्रिया या दोन्ही गोष्टी त्यांनी ग्राहकाच्या तारखा पाहून ठरवल्या. आज भारताच्या ज्या सॉफ्टवेअर-निर्यातीचा अभिमान प्रत्येक अर्थमंत्री अंदाजपत्रकी भाषणात मिरवतो, तिचा पाया या पिढीने घातला आहे. गरज सरो, वैद्य मरो!

आता मालकांची बाजू. ती आम्ही दडवणार नाही. ती अगदीच पोकळ नाही. या धंद्याची बांधणी मनोऱ्यासारखी असते. पायाशी नुकतेच पदवी घेतलेले हजारो तरुण, मध्ये काही हजार अनुभवी आणि शिखरावर मोजके. ग्राहकाकडून दर माणशी, दर ताशी पैसे मिळतात. तेव्हा पाया जितका रुंद आणि पोट जितके बारीक, तितका नफा अधिक. वर्षे लोटली, माणसे टिकली, पगार वाढले, आणि मनोऱ्याचे पोट सुटले. त्यातच यंत्रे स्वतः संगणकाची भाषा लिहू लागली. अशा वेळी ज्याचा पगार अधिक, त्याच्याकडे मालकाची नजर आधी वळते. जून २०२५ मध्ये याच कंपनीने नियम केला की, प्रत्येकाने वर्षात २२५ दिवस तरी ग्राहकाच्या कामावर असले पाहिजे आणि कामाविना ३५ दिवसांहून अधिक बसता कामा नये. कंपनीच्या भाषेत या कामाविना बसण्याला ‘बेंच’ म्हणतात. नियम सर्वांना सारखाच. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तीन वर्षांच्या अनुभवाचा स्वस्त पोरगा कोणत्याही प्रकल्पात खपतो. वीस वर्षांच्या अनुभवाचा महाग माणूस घेताना प्रकल्पप्रमुख दहादा विचार करतो, आणि त्याच्या त्या विचारात ३५ दिवस सहज निघून जातात. मग ‘कौशल्याचा मेळ बसत नाही’ असा शेरा मारायला कागदोपत्री आधार तयार होतो. कोणीही कोणाचे वय विचारलेले नसते, आणि तरीही वय पाहिले गेलेले असते.

म्हाताऱ्यांनी जागा अडवून ठेवल्या तर तरुणांनी जावे कोठे, असा एक प्रश्न या ठिकाणी हमखास विचारला जातो. प्रश्न भावनेला हात घालणारा आहे. मात्र तो विचारणारे तरुणांना देतात काय, हेही पाहिले पाहिजे. या व्यवसायात नवख्या पदवीधराला वर्षाला साडेतीन लाख रुपयांच्या आसपास पगार देण्याचा रिवाज दहा वर्षांहून अधिक काळ जवळजवळ जसाच्या तसा चालू आहे. या अवधीत घरभाडे वाढले, डाळी वाढल्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांचे शुल्क तर विचारूच नका. वाढला नाही तो हा पगार. म्हणजे वडिलांना घरी बसवून वाचलेला पैसा मुलाच्या हातात पडत नाही. तो जातो तिसरीकडेच. आणि आज पंचविशीत असलेला हा मुलगा वीस वर्षांनी त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बोलावला जाणार आहे, याची त्याला अद्याप कल्पना नाही इतकेच.

काढण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. कंपनी कोणतीही असो, नोकरी गमावलेले लोक जे सांगतात त्यात फारसा फरक नसतो. नोकराला कपातीची नोटीस मिळत नाही. त्याला सांगण्यात येते की, राजीनामा दे. दिलास तर अनुभवाचे प्रमाणपत्र स्वच्छ मिळेल, न दिलास तर ‘काढून टाकले’ असा शेरा पडेल आणि पुढच्या नोकरीच्या चौकशीत तो उघडा पडेल. पंचेचाळीस वर्षांच्या, घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? तो सही करतो. सही केली की कायद्याच्या डोळ्यांनी कपात झालीच नाही. एका गृहस्थाने स्वखुशीने नोकरी सोडली, एवढेच झाले. ‘स्वखुशी’ या शब्दाची इतकी विटंबना दुसरीकडे कोठे झाली असेल असे आम्हांस वाटत नाही.

या देशातला कायदा या बाबतीत मुळात आंधळा नव्हता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी दुरुस्ती झाली, तिने कपातीसाठी एक साधा दंडक घालून दिला: शेवटी आला तो आधी जाईल. कपात करणेच भाग पडले तर त्या वर्गातील सर्वांत नव्या माणसापासून सुरुवात करावी. हा क्रम मोडावयाचा असेल तर मालकाने त्याची कारणे लिहून ठेवावीत. जाणाऱ्याला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाचा पुरस्कार केला आणि सबळ कारणावाचून ज्येष्ठाला वगळून कनिष्ठाला राखले तर मालकाच्या हेतूविषयी शंका घेण्यास न्यायाधिकरण मोकळे आहे, असे सांगितले. ते प्रकरण मद्रासच्या ‘स्वदेशमित्रन्’ या दैनिकाचे होते, हे आम्हां वृत्तपत्रवाल्यांनी तरी विसरू नये. या दंडकात म्हाताऱ्यांची भीड नव्हती. ज्याने आपली अधिक वर्षे दिली त्याचा त्या उद्योगावर अधिक हक्क, ही न्यायबुद्धी त्यात होतीच; पण त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी की, निवडीची सुरी त्याने मालकाच्या लहरीतून काढून घेतली. हजेरीपटावरची तारीख मालकाला बदलता येत नाही. ‘कौशल्याचा मेळ’ मात्र त्याला हवा तसा बसवता किंवा मोडता येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली. शेवटी आला तो आधी जाईल, हा दंडक या संहितेतही शाबूत आहे. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, हा दंडक ‘कामगारा’साठी आहे, आणि कामगार कोण, या व्याख्येच्या कुंपणाबाहेर आमचा हिंजवडीचा गृहस्थ उभा आहे. व्यवस्थापकीय काम करणारा कामगार नव्हे. देखरेखीचे काम करून महिना १८ हजार रुपयांपेक्षा अधिक मिळवणारा कामगार नव्हे. ज्याच्या हाताखाली चार मुले आहेत आणि ज्याच्या नावापुढे कंपनीने ‘मॅनेजर’ हा शब्द चिकटवून ठेवला आहे, तो या व्याख्येपुढे गेला की त्याला सांगितले जाते, बाबा रे, तू तर मालकवर्गापैकी! प्रत्यक्षात त्याला कोणाला नोकरीवर ठेवण्याचा अधिकार नसतो, काढण्याचा नसतो, आणि स्वतःची रजादेखील तो वरच्याला विचारून घेतो. याच कंपनीने २०१५ साली काढलेल्या एका अभियंत्याने ही व्याख्या न्यायालयात तपासून घेतली. तो व्यवस्थापक नसून कुशल तांत्रिक काम करणारा कामगार आहे, असे चेन्नईच्या कामगार न्यायालयाने मान्य केले आणि मागील पगारासह त्याला परत घेण्याचा आदेश दिला. पण हा आदेश मिळाला २०२२ साली. सात वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवण्याची ताकद किती घरांत असते?

बरे, वयाच्या कारणाने भेदभाव झाला असे कोणी म्हणू लागला, तर ते कशाच्या आधाराने म्हणावे? आमच्या राज्यघटनेने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने भेद करू नये, असे पंधराव्या अनुच्छेदात सांगितले. सोळाव्यात सरकारी नोकरीपुरती कूळ आणि निवास यांची भर घातली. वय त्यात नाही. खाजगी कंपनीला वयावरून भेद करण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदाही या देशात नाही. सरकारला तरी त्याचे काय सोयरसुतक असणार? त्याच्या स्वतःच्याच नोकरभरतीत खुल्या वर्गातील उमेदवार सर्वसाधारणपणे ३८ व्या वर्षानंतर बाद ठरतो. मंत्रिपदाला मात्र कमाल वयोमर्यादा नाही, आणि तेथे कौशल्याचा मेळ कोणी तपासून पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ज्या अमेरिकेच्या घड्याळावर आमची ही पिढी जगली, तेथे काय आहे ते पाहू. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वयाचा समावेश झाला नाही. पण याविषयी चौकशी करून अहवाल द्यावा, असे त्याच कायद्याने मजूरमंत्र्यांना बजावले. विलर्ड वर्ट्झ यांचा तो अहवाल १९६५ साली आला. खाजगी नोकऱ्यांच्या सुमारे निम्म्या जागा पंचावन्नच्या वरच्यांना आणि सुमारे पाव जागा पंचेचाळीसच्या वरच्यांना बंद आहेत, असे त्यात आढळले. १९६७ साली कायदा झाला. सुरुवातीला चाळीस ते पासष्ट या वयोगटातील माणसाला केवळ वयामुळे नाकारणे किंवा काढणे गुन्हेगारी नसले तरी बेकायदा ठरले. आणि १९९० साली त्यात जी दुरुस्ती झाली, ती आमच्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. एखादी कंपनी जेव्हा घाऊक प्रमाणात माणसे कमी करते आणि जाणाऱ्याकडून ‘वयाच्या कारणाने मी दावा करणार नाही’ असे लिहून घेऊ पाहते, तेव्हा तिने त्याच्या हाती एक तक्ता दिला पाहिजे. त्या विभागातील कोणत्या पदांवरची, कोणत्या वयाची माणसे निवडली आणि कोणत्या वयाची राखली, हे त्या तक्त्यात असते. नावे नसतात, पद आणि वय असते. तो वाचून विचार करण्यास त्याला ४५ दिवस मिळतात, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते.

हा तक्ता म्हणजे किरकोळ कागद नव्हे, हे आयबीएमच्या प्रकरणाने दाखवून दिले. ही जगद्विख्यात कंपनी अनेक वर्षे हे तक्ते देत होती. २०१४ च्या सुमारास तिने ते देणे बंद केले आणि वयाचे दावे न्यायालयाऐवजी लवादापुढे, तेही एकेकट्याने चालवावेत, अशी अट निरोपाच्या करारात घातली. तक्ता बंद झाला, त्याबरोबर संशयाला तोंड फुटले. मार्च २०१८ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेने विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. पाच वर्षांत चाळिशीवरील सुमारे २० हजार अमेरिकी नोकर या कंपनीने कमी केले असावेत आणि तेथील एकूण कपातीत त्यांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास असावे, असा त्या संस्थेचा अंदाज होता. समान संधीच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या तेथील आयोगाने चौकशी केली. २०१३ ते २०१८ या काळात नव्या तरुण भरतीला जागा करण्यासाठी वयस्कांची संख्या कमी करा, असे इशारे कंपनीच्या अगदी वरच्या पायरीवरून खाली येत होते, असा निष्कर्ष आयोगाने २०२० साली काढला. २०२२ साली एका दाव्यात कंपनीची अंतर्गत पत्रे न्यायालयात उघड झाली. त्यांत वयस्क नोकरांना ‘डायनोबेबीज’ म्हटले होते आणि ही जात नामशेष करण्याची भाषा होती! जिने चंद्रावर जाणाऱ्या यानांचे हिशेब केले, त्या कंपनीच्या कचेरीत आपल्याच जुन्या माणसांविषयी हे उद्गार! आपण पद्धतशीरपणे वयाचा भेद केला, हे कंपनीने कधीच मान्य केले नाही. ते तिने मान्य करावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. पण हे सारे चव्हाट्यावर आले, वादप्रतिवाद झाले, आकडे मांडले गेले. आमच्याकडे यांतले काहीच होऊ शकत नाही, कारण बंद करण्यासाठी मुळात तक्ताच नव्हता.

अमेरिकेचा कायदा म्हणजे स्वर्ग, असा भ्रम कोणी करून घेऊ नये. २००९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असा निर्णय दिला की, वय हे अनेक कारणांपैकी एक कारण होते एवढे दाखवून भागणार नाही. वय आड आले नसते तर नोकरी टिकली असती, हे नोकराने सिद्ध केले पाहिजे. हे सिद्ध करणे महाकठीण. जर्मनीचा मार्ग आम्हांस अधिक माणुसकीचा वाटतो. तेथे आर्थिक कारणाने कपात करताना सेवेची वर्षे, वय, अवलंबून असलेली कुटुंबीय मंडळी आणि गंभीर अपंगत्व या चार गोष्टी मालकाला विचारात घ्याव्याच लागतात. म्हणजे तेथे वय हे माणसाला राखण्याचे एक कारण ठरते. ज्या जर्मन कंपन्यांचे कारखाने आमच्या चाकणच्या माळावर उभे आहेत, त्या मायदेशी हा नियम पाळून नफा मिळवतातच की नाही?

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. वयाची अट उघड उघड घालून घाऊक निरोप देण्याचे प्रसंग आमच्या सरकारनेही पाहिले आहेत. सन २००० मध्ये सरकारी बँकांनी पंधरा वर्षे सेवा झालेल्यांना किंवा चाळिशी गाठलेल्यांना ऐच्छिक निवृत्ती देऊ केली, आणि सुमारे १ लाख लोकांनी ती घेतली. २०१९ साली भारत संचार निगम आणि मुंबई-दिल्लीच्या महानगर टेलिफोन निगमने पन्नाशीवरच्यांसाठी योजना काढली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवसात संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक आणि टेलिफोन निगमचे १४ हजारांहून अधिक लोक बाहेर पडले. त्यांतही दडपण नव्हते असे नाही. परंतु झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार, असा हिशेब सर्वांसमक्ष मांडलेला होता. अर्ज करणाऱ्याला आपल्या पन्नाशीची किंमत काय मिळणार, हे आधी ठाऊक होते.

आणि टाटांविषयी बोलावयाचे तर त्यांना इतरांचे दाखले कशाला द्यावेत? कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी, १९१२ साली जमशेदपूरला आठ तासांचा दिवस याच घराण्याने आणला. भविष्यनिर्वाह निधी तेथे १९२० साली सुरू झाला. देशाचा कायदा १९५२ चा. नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतर पोलाद कारखान्याला जेव्हा हजारो माणसे कमी करावी लागली, तेव्हा लवकर निघणाऱ्याला त्याच्या निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा वेतन देण्याची योजना याच घराण्याच्या कंपनीने राबवली. त्या परंपरेतल्या कंपनीकडून केवळ एक तक्ता मागणे, ही आमची मागणी फार मोठी झाली असे कोण म्हणेल?

पंचेचाळिशीत नोकरी जाणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर आले नाही त्याला कळत नाही. निवृत्तिवेतनाच्या १९९५ च्या योजनेत पूर्ण वेतन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर घेतले तर दर वर्षामागे ४ टक्के कापून. पन्नाशीच्या आत काहीच नाही. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, आणि त्याच विम्यावर अनेकदा सत्तरी उलटलेले आईवडीलही असतात. त्या वयात त्यांना नवा विमा काढावयाचा तर हप्ता ऐकूनच रक्तदाब वाढावा. घराच्या कर्जाला दहा-बारा वर्षे उरलेली. थोरली बारावीला, धाकटा आठवीला. हा गृहस्थ नवी नोकरी शोधू लागतो, तेव्हा त्याला कळते की जाहिरातीत ‘पाच ते आठ वर्षे अनुभव’ असे लिहिलेले असते. वय लिहिलेले नसते. वीस वर्षांचा अनुभव हा येथे गुण नसून व्यंग आहे, हे त्याच्या ध्यानात यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर तो घरात कोणाला नीट सांगतही नाही. पिशवी खांद्याला लावून ठरलेल्या वेळी बाहेर पडणारी आणि दिवस वाचनालयात काढून परतणारी माणसे या शहरात आहेत.

याच ठिकाणी आमच्या वाचकवर्गाला दोन शब्द ऐकवले पाहिजेत. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला आणि गिरणगावातील अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले, तेव्हा दादर-गिरगावच्या आणि पुण्याच्या पेठांतल्या सुशिक्षितांनी काय केले? ‘युनियनवाल्यांनी वाटोळे केले’ एवढे बोलून पेपर घडी करून ठेवला. संघटना म्हणजे अशिक्षितांचे काम. आपण व्यावसायिक, आपली गुणवत्ता हेच आपले संरक्षण, अशी समजूत त्यांनी मुलांच्याही मनात रुजवली. त्या मुलांपैकीच कित्येक आज बैठकीच्या खोलीत एकेकटे बसून राजीनाम्यावर सही करत आहेत. समोर कंपनीचे तिघे असतात. यांच्या बाजूने बोलायला कोणी नसतो. गिरणीच्या दारावर मार खाणाऱ्या कामगाराजवळ निदान शेजारी उभा राहणारा दुसरा कामगार तरी होता.

म्हणून आमची मागणी थोडकी, परंतु निश्चित आहे. नव्या संहितेप्रमाणे कपातीची सूचना सरकारला कोणत्या रीतीने द्यावी, हे नियमांनी ठरवावयाचे असते, आणि खाजगी आस्थापनांच्या बाबतीत ते नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. त्या सूचनेच्या नमुन्यात दोन रकाने घालावेत: वय आणि सेवेची वर्षे, काढलेल्यांचे आणि राखलेल्यांचे. ज्यांना संहिता कामगार मानत नाही, त्यांच्यासाठी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो राज्याचा स्वतःचा आहे आणि त्यात दुरुस्ती करून एक कलम घालावे. तीन महिन्यांत पन्नासाहून अधिक माणसे ज्या आस्थापनेतून जातील, मग ती काढली म्हणून जावोत किंवा राजीनामा देऊन जावोत, तिने पदनिहाय वयाचा तक्ता कामगार आयुक्तांना सादर करावा आणि जाणाऱ्या प्रत्येकाला त्याची प्रत द्यावी. सहीपूर्वी ४५ दिवस नको असतील तर निदान ३० द्यावेत. यात कंपनीचे एकही व्यापारी गुपित फुटत नाही. एकाही नालायक माणसाला पोसण्याची सक्ती तिच्यावर होत नाही. जिचा व्यवहार चोख आहे तिला तर हा तक्ता म्हणजे प्रशस्तिपत्रच ठरेल. अशा अटीने उद्योग बंगळूरला किंवा हैदराबादला पळून जातील, अशी ओरड होईल. पगाराची यादी करणाऱ्या संगणकातून आणखी दोन रकाने छापावे लागतात म्हणून कोणी हिंजवडी सोडून गेला, तर त्याने जावेच.

मुंबई शहर व उपनगरांचे मिळून ३६ आणि पुणे शहराचे ८ आमदार विधानसभेत बसतात. या चव्वेचाळीस जणांपैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात कामगारमंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारावा: गेल्या दोन वर्षांत पुणे आणि मुंबई येथील संगणक-सेवा कंपन्यांतून किती जणांनी नोकरी सोडली, त्यांपैकी पंचेचाळीस वर्षांवरील किती, आणि ही माहिती शासनाजवळ नसल्यास ती कोणत्या तारखेपर्यंत मागवली जाईल?